गहाणवटीच्या वाटेने उदयपूर

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या प्रवासाच्या दिशा बहुधा ठरलेल्या असतात. लग्नकार्य निघाले की पुणे, कुलदैवताचे देणे फेडायचे असले की जेजुरी, तुळजापूर किंवा कोल्हापूर, आणि सुट्टीत मुलांना समुद्र दाखवायचा झाला तर मुंबई. दक्षिणेकडे तोंड करून बसण्याची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की, पाठीमागे एका दिवसाच्या मोटारप्रवासावर अरवलीचे डोंगर आहेत आणि त्यांच्या कुशीत सरोवरांचे एक देखणे नगर वसले आहे, याचा जणू विसरच पडतो. इंदूरकर उदयपूरला जात नाहीत असे नाही. पण जातात ते रात्रीच्या गाडीने. सकाळी उतरतात, महाल पाहतात, नावेत बसतात आणि परततात. मधली वाट झोपेत निघून जाते. आमच्या मते या प्रवासाचे खरे मर्म त्या वाटेतच आहे. आणि ती वाट मराठी माणसाने तरी डोळे उघडे ठेवून, दिवसाउजेडी चालावी अशी आहे.

आम्हा उभयतांना त्या वाटेचे अगत्य वाटण्याला एक घरगुती कारणही होते. आमचे सासर मूळचे जावदचे. नीमचच्या उत्तरेला, हमरस्त्यापासून थोडे आत असलेले हे जुने गाव शिंदेशाहीत ग्वाल्हेर संस्थानचे होते, आणि सासऱ्यांच्या पूर्वजांनी तिथल्या कचेरीत पिढ्यान्‌पिढ्या लेखणी चालवली. सासरे असेपर्यंत आमच्या घरात एक वाक्य नेहमी कानांवर पडे. कोणी कुळाचा, वतनाचा, वाड्याचा फार अभिमान मिरवू लागले की ते शांतपणे म्हणत, "आपण गहाणवटीची माणसे. मूळ धनी अजून यायचा आहे. भिंतीला खिळे जरा जपून ठोका." नवी सून म्हणून आले तेव्हा मला तो निव्वळ विनोद वाटला. पुढे शाळेत इतिहास शिकवू लागले, तेव्हा त्या विनोदामागे खरोखरीचा एक व्यवहार आहे हे कळले.

तो व्यवहार १७६९ सालचा. मेवाडच्या गादीवर त्या वेळी महाराणा अरिसिंह होते आणि रतनसिंह नावाचा दुसरा हक्कदार कुंभलगडावर बसला होता. सरदारांत फूट पडली. रतनसिंहाच्या पक्षाने महादजी शिंद्यांना पैशाचे वचन देऊन मदतीस बोलावले. क्षिप्रेच्या काठी उज्जैनजवळ मेवाडच्या फौजेचा पराभव झाला आणि महादजींनी थेट उदयपूरला वेढा घातला. काही महिन्यांनी तह ठरला. कर्नल टॉडने दिलेल्या हकिकतीप्रमाणे खंडणीचा आकडा साडेत्रेसष्ट लाखांचा होता. त्यापैकी सुमारे तेहतीस लाख सोने, चांदी, जडजवाहीर आणि रोकड यांच्या रूपाने चुकते झाले. उरलेल्या रकमेपोटी जावद, जीरण, नीमच आणि मोरवण हे परगणे शिंद्यांकडे गहाण पडले. गहाण कधी सुटलेच नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी जावद लढून घेतले, पण लवकरच ते शिंद्यांना परत दिले. मेवाडच्या पदरी निराशाच आली. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले तेव्हा हे परगणेही त्यासोबत आले. आज मध्य प्रदेशाच्या नकाशात नीमचचा जो कोपरा राजस्थानात घुसलेला दिसतो, त्याच्या मुळाशी ही न फिटलेली गहाणवट आहे.

यजमान बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची तारणे तपासली. दोन वर्षांपूर्वी हृदयाचे दुखणे झाले. त्यानंतर लांबचा प्रवास बंद होता. या वर्षी डॉक्टरांनी परवानगी दिली आणि कोठे जायचे असा प्रश्न निघाला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, अडीचशे वर्षे ज्यांच्या तारणावर आपले घर उभे राहिले, त्यांचे दार एकदा पाहून येऊ." मुलगा परदेशातून फोनवर म्हणाला, विमानाने जा. पण तारण ठेवलेली जमीन विमानातून कशी दिसणार?

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. पहाटे इंदूर सोडले तेव्हा धुके इतके दाट होते की, पुढच्या ट्रकचा लाल दिवा हीच काय ती वाट. महूहून नीमचकडे जाणारा हा जुना लष्करी रस्ता आता चौपदरी झाला आहे. रतलामला शेवेची दुकाने नुकतीच उघडत होती. पोहे-जिलबी आणि वर शेवेची मूठ, असा माळवी शिरस्त्याचा फराळ करून आम्ही पुढे निघालो. जावरा ओलांडले तोवर धुके विरले आणि दोन्ही बाजूंना गहू, हरभरा आणि लसणाचे वाफे उन्हात न्हाऊन निघाले. मंदसौर जवळ आल्याचे डोळ्यांआधी नाकाला कळते. इथली लसणाची बाजारपेठ मोठी आहे.

मंदसौरला शिवना नदीच्या काठी पशुपतिनाथाचे दर्शन घेतले. आठ मुखांचे हे भव्य लिंग १९४० मध्ये नदीच्या पात्रात सापडले. चार मुखे वर, चार खाली. एकाचा भाव दुसऱ्यासारखा नाही. याच मंदसौरात ६ जानेवारी १८१८ रोजी होळकरांनी इंग्रजांशी तह केला. महिदपूरची लढाई हरून तेव्हा पंधरवडाच उलटला होता. आणि त्याच महिन्याच्या १३ तारखेला मेवाडच्या महाराण्यांनीही इंग्रजांशी तह केला. धनको आणि ऋणको एका आठवड्याच्या अंतराने एकाच तिसऱ्याच्या आश्रयाला गेले. वर्गात हे दोन तह मी वेगवेगळ्या धड्यांत शिकवीत असे; ते एकमेकांच्या इतके शेजारचे आहेत हे या रस्त्यावरून जाताना जितके जाणवले तितके पुस्तकात कधी जाणवले नव्हते.

मंदसौर आणि नीमच यांच्या मध्ये हडक्याखाळ नावाचे एक लहानसे गाव लागते. थांबून पाहावे असे तिथे काही नाही. पण इंदूरकराने क्षणभर मोटार बाजूला घ्यावी. लालसोटच्या मोहिमेत १७८७ मध्ये महादजींना माघार घ्यावी लागली, तेव्हा संधी साधून मेवाडच्या फौजेने जावद आणि निंबाहेडा परत घेतले; म्हणजे आपले गहाण आपणच सोडवले. ते पुन्हा काढून घेण्यासाठी शिंद्यांच्या सैन्यासोबत ज्या फौजा आल्या त्या अहल्याबाईंच्या होत्या. १७८८ मध्ये हडक्याखाळला लढाई झाली आणि मेवाडचा पराभव झाला. आपल्या घरोघरी ज्या पुण्यश्लोक बाईंची तसबीर असते, हातात शिवलिंग घेतलेली, त्यांच्या चरित्रातले हे पानही त्यांचेच आहे. घाट, धर्मशाळा आणि अन्नछत्रे बांधणारी बाई राज्यही करीत होती, आणि राज्य करणाऱ्याला आपले हिशेब राखावे लागतात. त्या मातीत आता अफूची शेते होती.

अफूच्या शेताविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. सरकारी परवान्याने होणारे हे पीक मंदसौर, नीमच आणि पलीकडे चितोड-प्रतापगडच्या पट्ट्यात दिसते. जानेवारीअखेर त्याला फूल येते. पांढरेशुभ्र, पातळ पाकळ्यांचे, वाऱ्याने सहज गळून पडणारे. पाकळ्या गळाल्या की बोंडे धरतात आणि पुढे त्यांना चिरे देऊन चीक गोळा करतात. पोपटांना या बोंडांची चटक लागते म्हणून कित्येक शेतांवर जाळी पसरलेली असते. नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. याच नीमचच्या छावणीत १९३९ साली आजच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची स्थापना झाली होती.

दुपारी जावदला पोहोचलो. जुन्या तटाच्या खुणा, अरुंद बाजार, कापडांची दुकाने. जावदच्या परिसरातील तारापूर गावी निळीने रंगवलेले नांदणा छापाचे कापड आजही निघते. भिल्ल स्त्रियांचे घागरे या कापडाचे असत. सासऱ्यांचा वाडा केव्हाच विकला गेला आहे. ज्या आळीत त्यांच्या लहानपणी सकाळी मराठी आरत्या ऐकू येत, तिथे आम्हांला मराठीचा एक शब्द ऐकू आला नाही. नव्या मालकांनी अगत्याने आत बोलावले, चहा दिला. ओसरीचे आता लसूण साठवण्याचे कोठार झाले आहे. पण भिंतीत पगडी टांगण्याची लाकडी खुंटी तशीच होती आणि तिच्यावर कोणाची तरी लोकरी टोपी टांगलेली होती. यजमान तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मालकांनी विचारले, "काही न्यायचे आहे का आठवण म्हणून?" हे म्हणाले, "नको. वापरात आहे ते बरे आहे." मोटारीत बसल्यावर मात्र निंबाहेडा येईपर्यंत ते बोलले नाहीत.

रात्री चितोडला मुक्काम केला. चितोडगडाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर वाचकांनी खूप वाचलेले असते. सात दरवाजे ओलांडून मोटार थेट वर जाते, त्यामुळे हृदयाच्या दुखणाइतांनाही गड पाहता येतो. १३०३, १५३५ आणि १५६७-६८ या तीन वेढ्यांची ही भूमी. राणा कुंभाने उभारलेला नऊ मजली विजयस्तंभ सकाळच्या कोवळ्या उन्हात मधासारखा दिसत होता. वारा मात्र असा बोचरा की मफलर सोडवेना. खाली बेडच नदी दिसते. तिचे नाव लक्षात ठेवावे. पुढे तिच्याशी काम आहे.

चितोडहून उदयपूरचा सरळ रस्ता आहे. पण आम्ही उत्तरेचा फेरा घेऊन कपासनमार्गे राजसमंदला गेलो. हळूहळू सपाटी संपते आणि अरवलीच्या रांगा दिसू लागतात. सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना हे डोंगर आरंभी बोडके वाटतात. ना कडे, ना सुळके. जगातल्या अतिप्राचीन घडीच्या पर्वतांत अरवलीची गणना होते आणि कोट्यवधी वर्षांच्या पावसावाऱ्याने तो झिजला आहे. उतारांवर धावडा, सालई, खैर. पानगळीमुळे उघड्या पडलेल्या फांद्यांतून दगड दिसतात. राजसमंद परिसर संगमरवराच्या खाणींचा. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या शिळांचे ढीग आणि त्यांवर बसलेला पांढरा धुरळा. थंडीच्या दिवसांत लांबून बर्फच पडला आहे असे वाटावे.

राजसमंद सरोवराचा बांध ज्याने पाहिला नाही त्याने मेवाडची अर्धी थोरवी पाहिली नाही असे मी म्हणेन. दुष्काळाने गांजलेल्या प्रजेला काम मिळावे म्हणून महाराणा राजसिंहांनी १६६२ मध्ये गोमती नदीवर हे काम सुरू केले आणि १६७६ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. नौचौकीच्या घाटावर संगमरवरी तोरणे आणि मंडप आहेत, त्यांवरचे नक्षीकाम नाजूक आहे. पण खरे आश्चर्य म्हणजे बांधावर बसवलेल्या पंचवीस शिळा. त्यांवर रणछोड भट्टाने रचलेले 'राजप्रशस्ति' हे संस्कृत काव्य कोरलेले आहे. राजसिंह हे शिवछत्रपतींचे समकालीन. दोघांचेही देहावसान १६८० मध्येच झाले. रायगडावर १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा भोसल्यांचे कुळ याच मेवाडच्या सिसोदियांशी जोडले गेले होते. त्या वंशावळीबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु आपण सिसोदियांचे आहोत असे म्हणण्यात त्या काळी मोठा मान होता, एवढे तर नक्की. ज्यांच्याशी नाते सांगितले, त्यांच्याच दारी पंचाण्णव वर्षांनी वसुलीला उभे राहिलो. त्या घाटाच्या पायरीवर बसल्यावर हा विचार टाळता येत नाही.

त्या रात्री नाथद्वाऱ्याला एका धर्मशाळेत उतरलो. श्रीनाथजींची मूर्ती १६७२ मध्ये व्रजभूमीतून येथे आली. पुष्टिमार्गाची सेवा ऋतूप्रमाणे चालते. देव बालस्वरूप, म्हणून थंडीत त्याला रजई, रुईदार वस्त्रे आणि समोर शेगडी. पहाटेच्या मंगला दर्शनाला गर्दीत उभे राहिलो तेव्हा आमचेही हात शेगडीकडे जावेत इतका गारठा होता.

दर्शनाहून परतल्यावर धर्मशाळेच्या वृद्ध मुनीमजींनी चहा मागवला आणि वहीत नाव लिहिता लिहिता विचारले, "कुठून आलात?"

"इंदूरहून."

"होळकरांच्या गावाहून!" लेखणी थांबली. "मग तुम्हांला ठाऊक असेलच. तुमचे यशवंतराव इथे आले तेव्हा ठाकुरजींना घर सोडावे लागले."

काल घडल्यासारखे ते बोलत होते. गोष्ट १८०२ सालची. इंदूरच्या लढाईत शिंद्यांकडून पराभूत होऊन यशवंतराव मेवाडात शिरले आणि नाथद्वाऱ्याच्या गोसावी महाराजांकडे मोठ्या रकमेची मागणी झाली. देवाला धोका आहे असे पाहून मूर्ती उदयपूरला व तेथून घसियारच्या डोंगरात नेण्यात आली. ती परत यायला काही वर्षे लागली. मुनीमजींच्या स्वरात राग नव्हता. आपल्या घरातल्या एखाद्या जुन्या आजाराची हकिकत सांगावी तसे ते सांगत होते. मी इतिहासाची शिक्षिका. उत्तरे माझ्या जिभेवर होती. यशवंतरावांमागे शिंद्यांची फौज होती, त्यांच्या स्वतःच्या सैन्याचा पगार थकलेला होता, मेवाडचे सरदारच एकमेकांविरुद्ध परक्यांना बोलावीत होते. यांतले प्रत्येक वाक्य खरे आहे. तरीही त्या पहाटे, नुकतेच देवाचे दर्शन घेऊन आल्यावर, त्यांतले एकही वाक्य मला उच्चारावेसे वाटले नाही.

यजमानच बोलले. "मुनीमजी, हे तर होळकरांचे झाले. मी शिंद्यांकडचा. जावद आमच्याकडे गहाण आहे."

म्हातारा क्षणभर पाहत राहिला आणि खदखदून हसला. "मग तर व्याज द्यायला पाहिजे तुम्हांला!" असे म्हणून त्यांनी ठोर आणि मठडीच्या प्रसादाची पुडी यांच्या हातात ठेवली.

नाथद्वाऱ्याहून हळदीघाट जवळ आहे. १८ जून १५७६ च्या त्या लढाईचे वर्णन आपण शाळेपासून ऐकतो. खिंडीतली हळदीच्या रंगाची माती आणि चेतकाची छत्री पाहून मन भरून येते. प्रतापांच्या आघाडीला हकीम खान सूर होता आणि समोर अकबराची फौज घेऊन राजा मानसिंह, ही गोष्टही तिथे उभे राहून आठवावी. आसपास चैती गुलाबाची शेती होते व गुलकंद सर्वत्र मिळतो. त्यानंतर हमरस्त्यावर परतून आम्ही एकलिंगजीला आलो.

एकलिंगजी हे मेवाडचे खरे राजे. महाराणा स्वतःला त्यांचे दिवाण म्हणवीत. गादी देवाची, कारभार माणसाचा. काळ्या पाषाणाच्या चतुर्मुख मूर्तीसमोर उभे राहिले की, इंदूरच्या माणसाला दुसरे कोण आठवणार? अहल्याबाईंनीही आपले राज्य शंकराला अर्पण केले होते आणि त्यांची आज्ञापत्रे 'श्री शंकर' या नावाने निघत. म्हणजे हडक्याखाळला ज्या दोन फौजा भिडल्या त्या दोन्ही एकाच देवाच्या होत्या. यजमानांना मी हे म्हणाले, तेव्हा ते म्हणाले, "देवाची दोन खाती असतील, पण खातेवही एकच." बँकेतल्या माणसाला उपमाही बँकेचीच सुचते.

एकलिंगजीनंतर चीरव्याचा घाट. आता डोंगरातून बोगदा काढला आहे, त्यामुळे गिरवा खोऱ्याचे ते जुने प्रवेशद्वार ओलांडल्याचे कळतही नाही. सभोवार डोंगरांचे कडे आणि मध्ये बशीसारखी भूमी. महाराणा उदयसिंहांनी १५५९ च्या सुमारास इथे राजधानी का वसवली, हे ते कडे पाहताच समजते. तिसऱ्या प्रहरी आम्ही पिछोल्याच्या काठी उभे होतो.

पिछोला हे सरोवर शहराहूनही जुने आहे. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने पहिला बांध घातला असे परंपरा सांगते. उदयसिंहांनी ते वाढवले. हिवाळ्यात त्याचे पाणी सकाळी करडे, दुपारी निळे आणि सायंकाळी तांब्याच्या जुन्या भांड्यासारखे दिसते. मध्यभागी दुसऱ्या जगतसिंहांनी १७४६ मध्ये पूर्ण केलेला शुभ्र जगनिवास, जिथे १९६३ पासून हॉटेल आहे. दक्षिणेला जगमंदिर, बापाविरुद्ध बंड करून आलेल्या शाहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, तिथे आश्रय मिळाला होता. शरणागताला जागा देण्याची या घराची रीत जुनी आहे. महाल, जगदीश मंदिर, फतेहसागर, सहेलियों की बाडी, हे सारे मार्गदर्शिकांतून मिळेल; इथे मी तीनच ठिकाणांविषयी लिहिणार आहे.

पहिले, गणगौर घाटावरची बागोर की हवेली. आता तिथे संग्रहालय आहे आणि सायंकाळी लोकनृत्ये होतात. ही हवेली मेवाडचे प्रधान अमरचंद बडवा यांची. महादजींच्या वेढ्यात उदयपूर राखले ते या पुरुषाने. पगार थकल्याने शिपाई बंडाला उठले, तेव्हा त्याने राजवाड्यातील सोन्याचांदीची भांडी मोडून त्यांचे पगार भागवले. टॉडने असे लिहून ठेवले आहे की, तहाचा आकडा ठरल्यावर शिंद्यांकडून आणखी वीस लाखांची मागणी आली; अमरचंदांनी तहाचा कागद फाडून टाकला आणि पुन्हा तटावर जाऊन उभे राहिले. शेवटी पहिल्याहून कमी रकमेवर तह झाला. असा हा कारभारी मेला तेव्हा अंत्यविधीपुरताही पैसा त्याच्या घरी निघाला नाही. त्या हवेलीच्या शंभराहून अधिक दालनांतून फिरताना, जावदच्या कागदावर ज्याने दुःखाने संमती दिली त्याचेच हे घर, ही जाणीव आम्हा दोघांना क्षणभरही सोडत नव्हती.

दुसरे, माछला मगरा नावाची टेकडी. दूध तलावापासून करणीमातेच्या देवळापर्यंत दोरखंडाचा पाळणा जातो. यजमानांच्या दृष्टीने ही मोठीच सोय; माझ्या दृष्टीने, त्या लोंबत्या पेटीत बसणे हेच छातीचे दुखणे. याच टेकडीवरच्या एकलिंगगडावर अमरचंदांनी थोड्या दिवसांत वाट करून तोफ चढवली होती. वरून सबंध पिछोला, शहर आणि त्यापलीकडची मोकळी जमीन दिसते, जिथे कोठेतरी महादजींचे तंबू असतील. मराठी शाळांतून महादजींचे चित्र आपण नेहमी दिल्लीच्या बाजूने पाहतो. पानिपताचे अपयश धुऊन काढणारा, बादशहाला गादीवर बसवणारा मुत्सद्दी. ते चित्र खोटे नाही. पण त्या टेकडीवर तोफेच्या मागे उभे राहून खाली पाहिले की, चित्राची दुसरी बाजू दिसते. टॉड इंग्रजांचा नोकर होता आणि कंपनी सरकारची शांतता किती गोड, हे सांगण्यात त्याचे हित होते. त्याचा शब्द तोलूनच घ्यावा. पण पन्नास हजार घरांच्या उदयपुरात १८१८ मध्ये तीन हजार घरांतही माणसे उरली नव्हती, हे त्याचे वाक्य निम्मे खरे धरले तरी मान खाली जाते.

तिसरे ठिकाण म्हणजे महालातला कृष्णकुमारीची आठवण जपणारा भाग. महाराणा भीमसिंहांची ही कन्या. जयपूर आणि जोधपूर तिच्यासाठी लढले, शिंदे आणि अमीरखान त्या भांडणात आपापल्या लाभासाठी उतरले, आणि १८१० मध्ये सोळा वर्षांच्या त्या मुलीला विष देऊन प्रश्न मिटवण्यात आला. तिच्या मृत्यूची जबाबदारी वाटायला बसले तर जयपूर, जोधपूर, मेवाड, शिंदे, अमीरखान, सर्वांच्या वाट्याला ती येते. आम्ही तिथे फार वेळ थांबलो नाही.

परंतु या सरोवराच्या काठी मराठी माणसाने केवळ ओशाळून उभे राहावे असेही नाही. वेढ्याच्या चौतीस वर्षे आधी, १७३५ च्या उन्हाळ्यात, एक मराठी स्त्री याच नगरीत आली होती. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला निघाल्या होत्या. त्याआधीच्या वर्षीच हुरड्याला राजपूत राजांनी एकत्र बसून मराठ्यांना थोपवण्याची शपथ घेतली होती, आणि त्यात मेवाडचे महाराणा अग्रभागी होते. तरीही बाईंचा उदयपुरात मोठा सन्मान झाला. नाथद्वाऱ्याचे दर्शन घेऊन त्या सुखरूप पुढे गेल्या. पुढच्या वर्षी बाजीराव स्वतः आले तेव्हा महाराण्यांनी बरोबरीचे आसन देऊ केले असता, शिवछत्रपतींच्या मूळ घराचा मान म्हणून ते खालच्या आसनावर बसले, अशी कथा आहे. त्याच भेटीत त्यांनी वार्षिक खंडणीही ठरवून घेतली, हेही तितकेच खरे. आदर आणि आकारणी एकाच बैठकीत!

उदयपुरात आम्ही चार दिवस राहिलो. सकाळी मक्याची राब, दुपारी दाल-बाटी. माळव्यातले बाफले आधी पाण्यात उकडून मग भाजतात, इथली बाटी थेट निखाऱ्यावर. कोणती बरी, यावर आम्हा उभयतांत एकमत झाले नाही. ज्या घरगुती खोलीत राहिलो होतो, तिथल्या आजीबाईंना शेवटच्या दिवशी जावदची गोष्ट सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली आणि विचारले, "गाव चांगले आहे ना? पाणी आहे?" आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग झाले." मूळ धनी यायचा आहे म्हणून सासरे ज्याची वाट पाहत होते, त्याने आमच्यापुरता तरी एवढाच हिशेब विचारला.

पाण्याचेच सांगून संपवते. पिछोला आणि फतेहसागर भरून वाहिले की पाणी आयड नदीत उतरते. उदयसागर ओलांडल्यावर तिचेच नाव बेडच होते, आणि चितोडच्या पायथ्यावरून जाऊन ती बनासला मिळते. बनास सवाई माधोपूरकडे चंबळेत शिरते. आणि आमच्या इंदूरच्या कान्ह नदीचे पाणी क्षिप्रेतून, मंदसौरच्या शिवनेचेही पाणी, त्याच चंबळेला जाते. परतीच्या वाटेवर बेडचच्या पुलावर आम्ही मोटार थांबवून नाथद्वाऱ्याची उरलेली मठडी खाल्ली.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांनी जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य एवढा काळ निवडावा. अफूची फुले तेव्हाच दिसतात. पहाटेच्या धुक्यात घाई करू नये. लोकरी कपडे भरपूर घ्यावेत, चितोडला एक, नाथद्वाऱ्याला एक आणि उदयपूरला किमान तीन मुक्काम धरावेत. आणि ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी कुटुंबांनी नीमच सोडल्यावर अर्धा तास काढून जावदला अवश्य वळावे. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज अशाच कोणत्या तरी परगण्याच्या कागदाबरोबर या मुलखात आले. तो कागद कोणी आणि कोणत्या अडचणीत लिहून दिला, हे आपल्या नातवंडांना सांगता आले पाहिजे.